खुर्चीचे पाय: अलंकार की नुसती भाषा?

प्रश्न असा आला आहे: 'खुर्चीचे पाय', 'करवतीचे दात', 'बाटलीचं तोंड' यांत निर्जीव वस्तूंना सजीवांचे अवयव दिले आहेत, मग ही चेतनगुणोक्ती (निर्जीवाला सजीवासारखं वागायला लावणारा अलंकार) म्हणायची की रूपक (एक वस्तू म्हणजे दुसरीच, असं म्हणणारा अलंकार)?

माझं उत्तर: दोन्ही नाही. साधं बोलायची सोय असताना बोलणारा मुद्दाम वेगळं बोलतो, तेव्हा अलंकार होतो. इथे ती सोयच नाही. खुर्चीच्या पायाला 'पाय' नाही तर काय म्हणणार? रूपकात तर 'मुखकमल'सारखी दोन्ही टोकं समोर असावी लागतात, मुखही आणि कमळही.

साहित्यशास्त्रात याला रूढ लक्षणा म्हणतात. मूळ अर्थ बसत नाही, म्हणून त्याच्याशी नातं असलेला दुसरा घ्यायचा, आणि तो घेण्यामागे वहिवाटीशिवाय काही हेतू नाही. ११व्या शतकात मम्मटाने 'काव्यप्रकाश' या साहित्यशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथात याला उदाहरण दिलं ते 'कुशल' या शब्दाचं. कुश म्हणजे दर्भ. तो आणणारा तो कुशल, आणि मग कुठल्याही कामात निपुण. 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथाला मात्र हे मान्य नाही. निपुण हाच त्या शब्दाचा मुख्य अर्थ, व्युत्पत्ती वेगळी निघाली म्हणून लक्षणा होत नाही, असं तो म्हणतो. मला विश्वनाथ पटतो. 'प्रवीण' म्हणजे मुळात वीणा वाजवण्यात तरबेज, पण तो शब्द म्हणताना वीणा कुणाच्या मनात येते?

मराठीने तर कित्येकदा शब्दाचं रूपच बदलून टाकलं आहे. माणसाचे दात, पण चक्राचे दाते. माणसाचा पाय, पण इमारतीचा पाया आणि डोंगराचा पायथा. एकदा रूप वेगळं झालं की मूळचा अवयव आठवतही नाही. सुरीची 'मूठ' आणखी निराळी. तिथे साम्य नाहीच, मुठीत धरायची म्हणून ती मूठ!

मग चेतनगुणोक्ती कुठे? नामावर अडू नका, क्रियापद बघा. 'टेबल डुगडुगतंय' ही माहिती झाली. 'टेबल लंगडतंय' म्हटलं की निजलेला पाय जागा होतो, कारण आता 'डुगडुगतंय' हा शब्द हाताशी असूनही आपण दुसरा निवडलेला असतो. तसंच 'करवतीचे दात बोथट झाले' हे साधं वाक्य. 'कोपऱ्यातल्या करवतीने दात विचकले' ही चेतनगुणोक्ती. दात दोन्हीकडे तेच आहेत.