अश्वगंधा : काढणी, अहवाल आणि परत आलेला माल

प्रश्न : ऑगस्टच्या सुरुवातीला पेरलेली अश्वगंधा डिसेंबरअखेर अजून हिरवी आहे. व्यापारी आत्ताच माल मागतोय. काढू का?

थांबा. पेरणीपासून साधारण १५० ते १८० दिवस लागतात, पण दिवस मोजण्यापेक्षा झाड पाहा. पाने पिवळी पडून गळू लागली आणि बहुतेक फळे लाल झाली की मूळ भरले असे समजा. हिरव्या झाडाचे मूळ बारीक असते आणि वाळल्यावर वजन फार घटते. उलट, फळे वाळून गेल्यावरही पीक रानात उभे ठेवलेत तर मुळात धागा धरतो, पिठूळपणा कमी होतो आणि प्रत उतरते. पहिल्या प्रतीचा तुकडा ७ सेंमीपर्यंत लांब, १ ते १.५ सेंमी जाड, आतून पांढराशुभ्र असतो आणि कटकन मोडतो.

प्रश्न : एकाच मालात विथॅनोलाइड (अश्वगंधेतले औषधी घटक) एका प्रयोगशाळेने ०.४ टक्के सांगितले, दुसरीने २ टक्के. खरे कोणते?

आधी पद्धत विचारा. एचपीएलसी या यंत्रावरच्या पद्धतीत ठरावीक संयुगे वेगळी करून मोजतात. वजनी पद्धतीत, म्हणजे अर्काचे वजन करून काढताना, अर्कातले इतर पदार्थही आकड्यात शिरतात, म्हणून तो फुगतो. हे दोन आकडे शेजारी ठेवूच नयेत. नमुन्यानेही फरक पडतो, कारण झाडागणिक प्रमाण बदलते. शेताच्या वेगवेगळ्या भागांतली १५-२० झाडे उपटा आणि जाड-बारीक मुळे मालात आहेत त्याच प्रमाणात मिसळा. डिसेंबर आणि फेब्रुवारीत काढलेल्या मुळांची तुलना करायची तर वाण, प्रयोगशाळा आणि पद्धत एकच ठेवा, हिशेब कोरड्या वजनावर करा. नाहीतर ऋतूचा फरक कोणता आणि मोजणीचा कोणता, हे कळणार नाही.

प्रश्न : विथाफेरिन-ए (विथॅनोलाइडांपैकी एक) जास्त निघाले म्हणून कारखान्याने मुळे परत पाठवली. जास्त असणे चांगलेच ना?

मुळांच्या बाबतीत नाही. हे संयुग पानांत मुळांपेक्षा कितीतरी जास्त असते, त्यातही कोवळ्या पानांत. म्हणून मुळाच्या भुकटीत ते वाढलेले दिसले की पाल्याच्या भेसळीचा संशय येतो. पाने वापरू नयेत, अशी सूचना आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना दिली आहे. तुम्ही पाला मुद्दाम मिसळला नसेल, तर खळे तपासा. बियांसाठी झाडे झोडपली त्याच जागी मुळे वाळवली, की पानांचा चुरा चिकटतो. उपटल्याबरोबर खोड छाटा आणि मुळे वेगळ्या ताडपत्रीवर न्या.

प्रश्न : धुतलेली मुळे आतून काळी पडली.

ओली मुळे ढिगात राहिली असणार. पातळ पसरा, रोज उलटा आणि ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आल्याशिवाय पोती शिवू नका.