कोळंबीसोबत शिंपले वाढवले की जोखीम अर्धी होते?

प्रश्न : मी प्राणिशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कोळंबी आणि शिंपले एकत्र वाढवण्याच्या एकात्मिक पद्धतीने मला झपाटलंय. कोळंबीची घाण शिंपले खातात, पाणी स्वच्छ राहतं, आणि एक पीक बुडालं तरी दुसरं हाती लागतं. करिअर यातच करायचं ठरवलंय. आधी पदव्युत्तर शिक्षण घेऊ, की बाबांच्या निवृत्तीच्या पैशातून थेट तळं सुरू करू? बाबा तयार आहेत, आई नाही.

उत्तर : तळ्याच्या बाबतीत मी तुझ्या आईच्या बाजूने आहे. विषयाच्या बाबतीत मात्र तुझ्या. या क्षेत्रात पाणी समजणारी माणसं कमी आणि बीज (म्हणजे कोळंबीची पिल्लं) व खाद्य विकणारी जास्त, असं चित्र मला सतत दिसतं. त्यामुळे तुझ्यासारखी मुलगी यात यावी असं मनापासून वाटतं.

पण ‘कोळंबीची घाण शिंपले खातात’ हे तुझं वाक्य अर्धंच खरं आहे. कोळंबीला घातलेल्या खाद्यातल्या नत्रापैकी साधारण पाव हिस्साच तिच्या अंगी लागतो. बाकीचा विष्ठा, न खाल्लेलं खाद्य आणि अमोनिया या रूपांत पाण्यात आणि गाळात जातो. शिंपले पाणी गाळून त्यातलं प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) आणि तरंगणारे सेंद्रिय कण खातात. विरघळलेला अमोनिया त्यांना काढता येत नाही. उलट ते स्वतःच अमोनिया सोडतात. तो शोषायला ग्रासिलारिया किंवा उल्वासारखं समुद्री शेवाळ लागतं. म्हणजे दोघांच्या संसारात तिसऱ्याची गरज आहेच, आणि त्यातही क्रम महत्त्वाचा. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी कोळंबी-तळ्याच्या सांडपाण्यावर केलेला, २००१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यासाठी जरूर वाच. त्यांनी आधी गाळ खाली बसू दिला, मग पाणी कालवांमधून (म्हणजे ऑयस्टर जातीच्या शिंपल्यांमधून) नेलं आणि शेवटी शेवाळातून. गाळ बसू न देता पाणी सोडलं, तर बारीक मातीनेच कालवं बेजार होतात. हा प्रयोग प्रयोगशाळेतल्या टाक्यांमध्ये झाला होता, हेही वाचताना लक्षात ठेव. टाकी आणि तळं यांच्यात बरंच काही बिघडू शकतं.

कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात सॅमन मासे, मसल जातीचे शिंपले आणि केल्प शेवाळ एकत्र वाढवल्याची उदाहरणंही तुझ्या वाचनात येतील. तिथे भरती-ओहोटी पाणी हलवत असते. बंद तळ्यात ते काम तुला करावं लागतं.

आता ‘एक बुडालं तरी दुसरं’. इथे मी तुला जरा अडवणार आहे. दोन्ही पिकं एकाच पाण्यात असतील तर धोकाही बराचसा एकच असतो. रात्रभर प्लवक, कोळंबी, जिवाणू सगळेच प्राणवायू वापरतात, आणि पहाटे तो सर्वांत कमी असतो. त्यात शिंपल्यांची भर पडते. कोळंबी कात टाकते तेव्हा आणि शिंपला कवच घडवतो तेव्हा दोघांनाही कॅल्शियम लागतं. शिंपल्याचं कवच तर पाण्यातलं कार्बोनेट ओढून घेतं, आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद, उतरत जाते. क्षारतेचंही तसंच. व्हेनामी जातीची कोळंबी जवळजवळ गोड्या पाण्यापासून समुद्राहून खाऱ्या पाण्यापर्यंत तग धरते, पण मसल जोरदार पावसाने पाणी एकदम गोडं झालं की मान टाकतात.

सगळ्यात मोठी अडचण वेळापत्रकाची. व्हेनामीचं पीक तीन-चार महिन्यांत निघतं. कालवं बाजारयोग्य व्हायला बहुतेक ठिकाणी वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं. दोन पिकांच्या मधे कोळंबीवाला तळं रिकामं करतो, उन्हात तडकेपर्यंत सुकवतो, नवं पाणी क्लोरिनने निर्जंतुक करतो, नको असलेले मासे मारायला चहाच्या बियांची पेंड टाकतो. ही पेंड कोळंबीला फारशी बाधत नाही, पण तिच्यातलं सॅपोनिन हे द्रव्य शिंपल्यांसारख्या मृदुकाय प्राण्यांना बाधतं. मग शिंपले जायचे कुठे? म्हणून समजदार रचनेत त्यांना कोळंबीच्या तळ्यात न ठेवता बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या कालव्यात किंवा वेगळ्या तळ्यात ठेवतात. तसं केलं की जागा वाढते, पंप वाढतात, मजूर वाढतात. तुझ्या हिशोबात हा खर्च कुठेच नाही.

शिवाय शिंपला पाण्यातलं अन्न गाळतो तसे जिवाणू, विषाणू आणि जड धातूही अंगात साठवतो. कोळंबीच्या तळ्यात कोणी कॉपर सल्फेट टाकलं, तर ते पुढे शिंपल्यात सापडणार. काही ठिकाणी शिंपले कच्चे किंवा अर्धवट शिजवून खाल्ले जातात, त्यामुळे नियम कडक असतात. युरोपीय संघात थेट विक्रीयोग्य ‘अ’ वर्गाच्या क्षेत्रासाठी १०० ग्रॅम मांसात ई. कोलाय या विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूची मर्यादा ८० टक्के नमुन्यांत २३० आहे. त्यापुढे शुद्धीकरण करावं लागतं, म्हणजे शिंपले स्वच्छ, निर्जंतुक पाण्यात साधारण दोन दिवस ठेवायचे. त्याने जिवाणू बऱ्यापैकी निघतात, विषाणू चिवट ठरतात, आणि विषारी प्लवकातून आलेली विषं तर अशा धुण्याने भरवशाने जातच नाहीत.

हे सगळं तुला घाबरवायला सांगत नाही. वर जिथे जिथे अडचण दिसली, तिथे एकेक नोकरी आहे. पाणी आणि सूक्ष्मजीव तपासणारी प्रयोगशाळा, कोळंबीच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासाठी पीसीआर (जनुकीय चाचणी) करणारी निदान केंद्रं, बीज तयार करणारी हॅचरी, प्रक्रिया कारखान्यातला गुणवत्ता विभाग, शेवाळ संवर्धन, आणि फार्म व्यवस्थापन. ‘एकात्मिक संवर्धन तज्ज्ञ’ अशी जाहिरात तुला क्वचितच दिसेल. लोक पाण्याचा माणूस शोधतात, आणि ज्याला पाणी कळतं त्यालाच पुढे दोन प्रजाती एकत्र सांभाळायला देतात.

तेव्हा पदवी झाली की आधी एखाद्या कोळंबी फार्मवर तंत्रज्ञ म्हणून बीज सोडण्यापासून काढणीपर्यंत एक अख्खं पीक काढ. पगार बेताचा असेल, जागा आडबाजूला असेल, आणि मध्यरात्री एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) बंद पडला की उठावं लागेल. हे तुला झेपतं का, ते वर्गात कळणार नाही. त्यानंतर पदव्युत्तर शिक्षण घे. प्रवेशाच्या अटी मात्र आत्ताच तपास, कारण काही अभ्यासक्रमांना मत्स्यविज्ञानाचीच पदवी लागते. तसं असेल तर सागरी जीवशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्राची वाट तुला मोकळी आहे, आणि या कामासाठी मला ती कमी प्रतीची वाटत नाही. बाबांच्या पैशाला तोवर हात लावू नकोस. पुढे लावायचाच झाला, तर आधी कोणाच्या तरी चालू फार्मच्या सांडपाणी कालव्यात कालवांच्या चार जाळ्या टाकून बघ.

फार्मवर मुलाखतीला गेलीस की दोन गोष्टी विचार. पहाटेचा प्राणवायू रोज मोजून लिहून ठेवता का? आणि मागच्या वेळी रोग आला तेव्हा तळ्यातलं पाणी कुठे सोडलं? पहिल्याचं उत्तर वहीच्या रूपात समोर आलं तर कमी पगारातही रुजू हो. दुसऱ्यावर टाळाटाळ झाली तर दुसरा फार्म बघ.