अंगाला मांस का चढत नाही?

प्रश्न : सर, मी २३ वर्षांचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लूमवर आहे. वजन ५८. सहा महिने झाले जिम लावून, ८ किलोचा डंबेल, १५ चे तीन सेट, रोज न चुकता मारतो. पहिले दोन महिने ताकद लय वाढली, पण दंड आहे तेवढाच. जिममधले म्हणतात तीन हजाराचा प्रोटीन पावडरचा डबा घे, आई म्हणते भाकरी नि शेंगाचटणी खा, होतंय सगळं. कुणाचं ऐकू? आणि १२ तास उभं राहून काम करतो तरी पाय बारीकच, असं का?

उत्तर : मित्रा, तुझ्याच कामातलं उदाहरण घेतो. स्नायू म्हणजे बारीक तंतूंचा जुडगा, व्यायामानं त्या तंतूंची संख्या जवळपास वाढतच नाही, एकेक तंतू जाड होतो. धागे तितकेच ठेवून २० काउंटच्या जागी १० काउंटचं जाड सूत भरलं की कापड जाड निघतं ना, तसंच. सुरुवातीला जी ताकद आली ती बरीचशी मज्जातंतूंची, आहे त्याच स्नायूकडून जास्त काम काढून घ्यायला ते शिकले, म्हणून ताकद वाढली पण माप नाही. दिसण्याइतका जाडपणा त्याच्यानंतर हळूहळू येतो आणि नेमकं तिथंच तू ८ किलोवर अडकलास.

रोज तेवढंच वजन उचललं तर शरीर म्हणतं, आहे तेवढं मांस पुरतंय की. पायांचं पण तेच, १२ तास उभं राहणं दमवतं खरं पण त्यात पायांवरचा भार वाढतच नाही. म्हणून सेट संपताना अजून दोन-तीन वेळाच उचलता आलं असतं इतका जोर लागू दे, सोपं वाटायला लागलं की वजन वाढव. एका स्नायूला आठवड्यातनं दोनदा, मिळून १० एक सेट पुष्कळ झाले. नुसता दंड नको, स्क्वॉट आणि पाठीचे व्यायाम पण कर. आणि अंग दुखलं म्हणजेच वाढलं हे डोक्यातनं काढून टाक, तसं काही नसतं.

आता खाणं. मांस वाढवायचं तर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे तुला दिवसाला ९३ ग्रॅम. चार भाकरी, वाटीभर वरण, दोन चमचे शेंगाचटणी धरली तर जेमतेम ३५-४० होतं. भाकरी सोडायची नाही बरं का, ज्वारीत लायसिन (प्रोटीनमधला एक घटक) कमी असतं ते डाळीतनं मिळतं, दोन्ही मिळून प्रोटीन चांगलं जमतं. त्यात तीन अंडी १८ ग्रॅम, अर्धा लिटर दूध १६, ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या साधारण २५, झाला की हिशोब! शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन असतं, पण त्याच्याबरोबर साडेपाचशेच्या वर कॅलरी येतात, तू बारीक आहेस तर तुला त्या पण लागतातच. डबा वाईट नाही, पण ते दुधातलंच प्रोटीन आहे, पगारातले तीन हजार आधी अंड्यादुधावर जाऊ दे. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नकोस.

रातपाळीनंतर पत्रे तापलेल्या घरात चार तास झोपत असशील तर वरचं सगळं अर्धं वाया जाईल. खिडकीला ओली चादर लाव, पण सात तास झोप काढच. आणि कुणी लवकर बॉडी व्हायचं इंजेक्शन दाखवलं तर हात जोडून सांगतो, तिथनं निघून ये. असं बाहेरनं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं, मूल होण्याची अडचण येते, हृदयावर पण परिणाम होतो.

प्रश्न : मी ६४ वर्षांची आहे, सिद्धेश्वर तलावाला रोज चालते तरी जिना चढताना मांड्या थरथरतात. या वयात स्नायू वाढतात का?

उत्तर : वाढतात काकू, नक्की वाढतात. १९९० साली अमेरिकेत बोस्टनला नव्वदीच्या आसपासच्या लोकांना आठ आठवडे पायाने वजन उचलायला लावलं होतं, त्यांची ताकद सरासरी दुपटीच्या वर गेली. चालणं चालू ठेवा, पण मांड्यांसाठी ते पुरत नाही. खुर्चीवरनं हात न टेकता उठायचं बसायचं, १० वेळा, असं तीनदा, एक दिवस आड. जमायला लागलं की छातीशी दोन किलो ज्वारीची पिशवी धरा. उठताना श्वास रोखू नका, आणि बीपीची गोळी चालू असेल तर सुरू करायच्या आधी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.