आंबा नासतो म्हणून घाई. पासला घाई कसली?

‘मावशी, मी २३ वर्षांचा आहे. देवगडजवळच्या एका गावात राहतो. हंगामात आंब्याच्या पॅकिंगला जातो, एरवी बाबांबरोबर कलमांची कामं आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने जाळं ओढायची मासेमारी. शाळेपासूनचे आम्ही चार मित्र. एक विरारला, एक पुण्याला, एक गोव्यात हॉटेलात. गावात मी एकटाच उरलो. रात्री चौघं मोबाइलवर एक गेम खेळतो, तेवढीच आमची भेट. या गेमचा दर सीझनला पास निघतो, म्हणजे पैसे भरले की खेळून एकेक लेव्हल, म्हणजे पायरी, चढत जादा बक्षिसं मिळवायची. दोन वर्षांत मी ११ पास घेतले, सहा हजारांच्या वर गेले. पैशाचं एवढं नाही, पण पास घेतला की रोजची मिशनं, म्हणजे गेमने नेमून दिलेली कामं, पुरी करावी लागतात, नाहीतर सीझन संपल्यावर उरलेली बक्षिसं जातात. रात्री एकपर्यंत पेट्या भरायच्या आणि मग तीनपर्यंत मिशनं करायची, असं चाललंय. यंदा कुणकेश्वरच्या जत्रेला तिघंही आले होते. मी मात्र खाजाच्या दुकानामागे रेंज शोधत बसलो होतो, कारण त्या दिवशीचं मिशन राहिलं होतं. बाबा म्हणाले, “पैसे तूच देतंस, आनि राबतंस पन तूच?” पुण्याचा मित्र म्हणतो, काय मिळणार ते आधीच दिसतं, मग फसवणूक कसली? मावशी, हा सौदा सरळ आहे, की ते मला खेळवतायत, की मीच मूर्ख? आता ९ दिवस उरलेत आणि २२ लेव्हल बाकी आहेत. पैसे देऊन लेव्हल विकत मिळतात. घेऊ का? आणि धाकटा भाऊ १४ वर्षांचा आहे, तोही पास मागतोय.’

बाळा, तू मूर्ख नाहीस. दुसरं काही बोलायच्या आधी हे सांगते, कारण तुझ्या पत्रातला तोच शब्द मला सगळ्यात जास्त लागला.

मी गेम खेळत नाही. पण न बघता सल्ला द्यायचा नाही म्हणून माझ्या भाचीच्या मुलाला शेजारी बसवलं आणि त्याच्या मोबाइलवर ते पासाचं पान नीट पाहिलं. दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत फुकटची बक्षिसं, मध्ये बऱ्याच जागा रिकाम्या. खालच्या ओळीत सोनेरी चौकटीत अंगरखे, बंदुकीचे रंग, नाचाच्या लकबी, आणि प्रत्येकावर छोटं कुलूप. त्याने पास घेतलेला नव्हता, पण खेळून तिसाव्या पायरीपर्यंत पोचला होता. त्यामुळे खालच्या ओळीतली पहिली तीस बक्षिसं नुसती कुलपाआड थांबलेली दिसत होती, जणू त्याचीच आहेत आणि कोणीतरी अडवून धरलीत. वर कोपऱ्यात दिवस आणि तास उलटे मोजले जात होते. मी पाच मिनिटं बघितलं असेल, आणि मलाच वाटायला लागलं की पोराने घेऊन टाकावा पास. म्हणून म्हणते, यात तुझ्या अकलेचा प्रश्न नाही. ते पान फार विचार करून मांडलेलं आहे.

आता तुझ्या पुण्याच्या मित्राचं. त्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पास यायच्या आधी अनेक गेममध्ये बंद पेट्या विकायचे, अजूनही विकतात. पैसे द्या, पेटी उघडा, आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्या जुगारात मोडतात असं ठरवलं. त्या मानाने पास सरळ आहे. यादी समोर आहे, किंमत समोर आहे, आणि बहुतेक गेममध्ये त्यातून मिळतं ते दिसण्यापुरतं असतं. तुझा अंगरखा भारी म्हणून तुझी गोळी जास्त लागत नाही. गेम मुळात फुकट आहे, तो चालवायला माणसं लागतात, त्यांचे पगार कुठून तरी निघायला हवेत. पासाची सुरुवातही वाईट हेतूने झाली नव्हती. २०१३ मध्ये डोटा २ नावाच्या गेमने आपल्या जागतिक स्पर्धेसाठी एक डिजिटल पुस्तिका विकायला काढली आणि विक्रीचा चौथा हिस्सा स्पर्धेच्या बक्षिसात घातला. चाहत्यांनी आपल्या खेळाडूंसाठी काढलेली वर्गणीच म्हण. २०१७ च्या डिसेंबरात फोर्टनाइट या गेमने तो प्रकार उचलला, आणि मग ज्याच्या त्याच्या गेममध्ये पास आला.

म्हणजे माल खोटा नाही. खोटा आहे तो सीझन.

तू आंब्यातला माणूस आहेस, म्हणून तुला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. एप्रिल-मेमध्ये तुम्ही रात्री एकपर्यंत पेट्या का भरता? कारण फळ थांबत नाही. अढीत घातलेला आंबा ठरल्या दिवशी पिकतो, त्या दिवशी तो गाडीत चढला नाही तर डागी होतो, मग नासतो. पाऊस लवकर आला तर झाडावरचंही गेलं. समुद्राचंही तसंच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ आणि दर्याही खवळलेला. कोकणात हंगाम या शब्दाच्या मागे झाड आहे, मासा आहे, वारा आहे. म्हणून हंगामापुढे आपण मान तुकवतो. झोप मोडतो, तक्रार करत नाही.

त्या गेमनेही ‘सीझन’ हाच शब्द घेतला. पण त्यातला अंगरखा कुठल्या अढीत पिकतोय? तो संगणकात ठेवलेलं एक चित्र आहे. नऊ दिवसांनी नासत नाही, नऊ वर्षांनीही नासणार नाही. तो दहाव्या दिवशी तुला मिळू नये, हे कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलेलं आहे. आणि असं ठरवलंच पाहिजे असंही नाही. २०२१ मध्ये आलेल्या हेलो इन्फिनिट या गेमने विकत घेतलेले पास कधीच न संपणारे ठेवले. २०२४ च्या हेलडायव्हर्स २ मध्येही तसंच आहे. एकदा घेतलं की तुझं, वर्षाने खेळून पुरं कर. फोर्टनाइटनेही २०२४ मध्ये जाहीर केलं की पासातल्या वस्तू सीझन संपल्यावर १८ महिन्यांनी पुन्हा दुकानात येऊ शकतील. तोवर ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ म्हणून किती पोरांनी रात्री जागवल्या असतील, याचा विचार मनातून जात नाही.

तुझ्या बाबांचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. रापण ओढणाऱ्या माणसाच्या तोंडूनच असं वाक्य येऊ शकतं. रापणीत दोराला ज्याने हात लावला त्याला वाटा मिळतो. जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, पण ओढणारा रिकाम्या हाती घरी जात नाही. पासात जाळ्याचे पैसे तू भरायचे, दोर तूच ओढायचा, आणि एखाद्या दिवशी ताप आला, लाइट गेली, घरात कार्य निघालं, तर तुझा वाटा परत पाण्यात. पैसे मात्र परत नाहीत. आपण दुकानातून वस्तू घेतो तेव्हा पैसे दिले की वस्तू आपली होते. इथे पैसे देऊन तू वस्तू घेत नाहीस, वस्तूसाठी राबायची परवानगी घेतोस. आणि एकदा पैसे गुंतले की प्रत्येक बुडालेला दिवस नुकसानीसारखा वाटतो. जत्रेत तू रेंज शोधत फिरलास तो गेमच्या हौसेने नव्हे. घातलेले पैसे बुडतील या धास्तीने फिरलास.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त चीड कशाची येते, तर तू शेवटी विचारलेल्या त्या लेव्हलची. मुदत त्यांनीच घातली. वेळेत पुरं होणार नाही इतकं काम त्यांनीच ठेवलं. आणि मुदत जवळ आली की उरलेलं काम टाळायची सोय तेच विकतात. तू विचारतोस, खेळवतायत का. हो, इथे खेळवतायत. मला यात शंका नाही.

पॉइंटांचा हिशोबही बघ. फोर्टनाइटचा पास कित्येक वर्षं ९५० व्ही-बक्सचा, म्हणजे त्या गेममधल्या पॉइंटांचा, होता आणि पैसे देऊन मिळणारा लहानातला लहान पुडा १००० चा. उरलेले ५० खात्यात तसेच, कशालाच पुरे पडत नाहीत, पण ‘आपले काही आहेत तिथे’ असं वाटत राहतं. पास पूर्ण केला तर पुढचा पास निघेल एवढे पॉइंट परत मिळायचे. ऐकायला उदार वाटतं. पण पूर्ण केला तर. मग पुढचा पास फुकटच पडतो म्हणून माणूस घेतो, आणि पुन्हा सीझनभर बांधला जातो. तुझे ११ पास असेच एकामागून एक ओढत आले असणार.

‘सरकारने बंदी घातलेली नाही, म्हणजे ठीकच असेल,’ असं कुणी म्हणेल. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यातली बंदी पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे, पासातून रोख काही जिंकता येत नाही, त्यामुळे ती तिथे लागू पडत नाही. ग्राहक संरक्षणाखाली ३० नोव्हेंबर २०२३ ला निघालेल्या नियमांत मात्र गिऱ्हाइकाला भुलवण्याचे १३ प्रकार नावानिशी दिलेत, त्यात खोटी घाई निर्माण करणं हाही एक आहे. गेमवाले म्हणतील, आमची मुदत खोटी नाही, त्या दिवशी पास खरंच बंद होतो. कायद्याच्या शब्दात ते कदाचित सुटतीलही. माझ्या लेखी सुटत नाहीत. (तुझ्या खात्यातून न विचारता पैसे गेले, असं कधी झालं तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लक्षात ठेव.)

आता तुझं काय करायचं. गेम सोड असं मी सांगणार नाही. त्या गेममध्ये तुझे तीन मित्र आहेत. गावातली घरं बंद, कट्टा रिकामा, पोरं गणपतीला आणि शिमग्याला तेवढी दिसायची, अशा गावात रात्री चार आवाज एकत्र येतात ही लहान गोष्ट नाही. पण मित्रांसाठी पास लागत नाही. पासाशिवाय तुला त्यांच्याबरोबर तसंच खेळता येतं. हे दोन वेगळे धागे आहेत, त्यांनी एकात वळून दिलेत, तू ते सुटे कर.

पुढचा सीझन सुरू होईल तेव्हा पास घेऊ नकोस. नुसता खेळ. असे बहुतेक पास शेवटच्या दिवशी घेतले तरी तोवर खेळून गाठलेल्या पायऱ्यांची सगळी बक्षिसं एकदम मिळतात. तुझ्या गेममध्ये तसं आहे का ते बघून घे. असेल तर शेवटच्या दिवशी, पोटभर जेवून झाल्यावर, ती यादी काढ आणि आत्तापर्यंत उघडलेल्यातलं मला खरंच काय हवंय, ते बघ. हवंसं वाटलं तर खुशाल घे, तुझ्या कष्टाचे पैसे आहेत. तेव्हा राबणं झालेलं असेल, वस्तू समोर असेल, तो सरळ सौदा. माझा अंदाज, दोनदा घेशील, तिसऱ्यांदा आठवणही राहणार नाही. आणि चैत्र-वैशाखात तर पासाच्या वाटेलाच जाऊ नकोस. दोन हंगाम एका अंगावर पेलत नाहीत. पेट्यांवर खिळे ठोकताना डोळा लागला तर बोट जाईल.

पास नाही घेतला आणि तरीही रात्री तीन वाजतात, चिडचिड होते, काम सुटतं, असं महिनाभर दिसलं, तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन कर. फुकट आहे, मराठीत बोलतात. लाजायचं काही कारण नाही.

धाकट्याचं वेगळं आहे. तू २३ चा असून तुला आवरलं नाही, तो १४ चा आहे. अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरात फोर्टनाइटच्या कंपनीने सरकारी तडजोडीत ५२ कोटी डॉलर मोजायचं मान्य केलं. त्यातले साडेचोवीस कोटी, बटणांची मांडणी अशी केली होती की नकळत खरेदी व्हायची, त्याच्या परताव्यासाठी. तो मामला पासाचा नव्हता, पण पोरांच्या बोटांवर किती भिस्त ठेवायची हे त्यातून कळतं. आईच्या मोबाइलवर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावून ठेव, आणि यूपीआयचा पिन त्याच्यासमोर दाबायचा नाही. पण नुसतं ‘नाही’ म्हणून थांबू नकोस. कुणकेश्वरच्या जत्रेतली ती संध्याकाळ त्याला सांग. मोठ्या भावाच्या तोंडून ती ऐकली तर त्याला जे कळेल, ते माझ्या दहा पत्रांतून कळणार नाही.

आणि त्या २२ लेव्हल. घेऊ नकोस. नऊ दिवस जागूही नकोस. जेवढं मिळालं तेवढं मिळालं, बाकीचं जाऊ दे. पहिले दोन दिवस चुटपुट लागेल, ती लागू दे. बाबांना सांग की तुमचं पटलं, त्यांना बरं वाटेल. आणि आज पेट्या लवकर आटपल्या तर विरारच्या मित्राला फोन कर. गेम न उघडता, साधा फोन. जत्रेत राहून गेलेलं बोलणं आहे ना तुमचं.

— तुझी मावशी