पगार नव्हे, धाक मोज

प्रिय मुली,

दुप्पट पगाराची नोकरी चालून आली आहे, आत्ताचं काम जिवाभावाचं आहे, मानगुटीवर शिक्षणाचं कर्ज आहे, आणि तू मला विचारतेस की पैशाने सुख मिळतं का! अगं, हा प्रश्न हप्ते फिटलेल्यांनी निवांत चघळावा. महिनाअखेरीला अनोळखी नंबरवरून फोन आला की पोटात गोळा येतो, असं तूच लिहिलंयस. त्या एका वाक्यासाठी मी हे उत्तर लिहिते आहे. बाकीच्या पानांवर तू फक्त वाद घातला आहेस.

माझं म्हणणं एवढंच : पगार मोजू नकोस, धाक मोज.

तू ७५,००० डॉलरचा दाखला दिलास. डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांचा २०१० सालचा अभ्यास ना? अमेरिकेत वर्षाला तेवढ्या मिळकतीच्या पुढे रोजची मनःस्थिती फारशी सुधारत नाही, हे सगळे सांगतात. त्याच अभ्यासात आयुष्याबद्दलचं एकूण समाधान मात्र पुढेही वाढतच होतं, हे कुणी सांगत नाही. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थने लोकांना दिवसभरात मधूनमधून फोनवर ‘आत्ता कसं वाटतंय’ असं विचारलं, तर रोजचं सुखही थांबताना दिसेना. मग कानेमन आणि किलिंग्जवर्थ एकत्र बसले, बार्बरा मेलर्स मध्यस्थ झाल्या, आणि २०२३ मध्ये निकाल आला : बहुतेकांचं सुख मिळकतीबरोबर वाढत राहतं; जे सर्वांत दुःखी, साधारण पाचातला एक, त्यांचं मात्र एका मर्यादेनंतर अडतं. माणूस गेल्याचं दुःख पगारवाढीने जात नाही, हे सांगायला खरं तर संशोधक कशाला हवेत. पण तुझं दुःख त्या जातीचं नाही. तुझं हप्त्याचं आहे, आणि हप्त्याचं दुःख पैशाने जातं. चक्क जातं! शिवाय हे सुख मिळकत किती रुपयांनी नव्हे, किती पटीने वाढली त्यावर ठरतं, त्यामुळे तीच रक्कम कमी पगारवाल्याला कितीतरी जास्त लागू पडते.

धाक माणसाचं काय करतो ते बघ. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी, हात आखडलेला असताना, आणि नंतर पैसे आल्यावर बुद्धीच्या चाचण्या दिल्या. आधीचे गुण कमी, नंतरचे जास्त. माणूस तोच, डोकं तेच. ‘माझं हल्ली कामात लक्ष लागत नाही, मी आळशी झालेय का,’ असं विचारतेस, त्याचं उत्तर यात आहे.

आणि ते ‘दोन्ही सोडून वर्षभर थांबते’ प्रकरण डोक्यातून काढ. ऑस्ट्रियात मारियेनथाल नावाचं गिरणीचं गाव होतं. १९३० च्या सुमारास गिरणी बंद पडली, जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा ही संशोधक आणि तिचे सहकारी तिथे पाहणीला गेले. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. पुरुष रस्त्याने चालताना सावकाश चालायचे, मध्येच थांबायचे. कुठे पोचायचंच नव्हतं. तू म्हणशील, माझी सुट्टी मी स्वतः घेतलेली असेल. असेल! पण तिसऱ्या महिन्याचा हप्ता तुला हे विचारणार नाही.

मैत्रिणीच्या पगारावर तू पाऊण पान खर्च केलंस, मी दोन ओळी करते. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांना सहकाऱ्यांचे पगार कुठे बघायला मिळतात हे कळल्यावर कमी पगारवाले नाराज झाले. जास्त पगारवाल्यांना त्याचा काही आनंद झाला नाही. असा तोट्याचा धंदा कशाला करायचा?

मला लोक म्हणतात, हिने गाणं सोडलं आणि हिशेबाच्या वह्या धरल्या. धरल्या. गाणं शिकवणाऱ्या बाईंनी शेवटपर्यंत अबोला धरला, आणि पहाटे कुणाचा तानपुरा ऐकू आला की अजूनही खिडकी लावून घेते. खंत आहेच, पण चूक नव्हती, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. आमच्या दारात वसुलीची माणसं यायची ती यायची थांबली. आई दुपारी दार उघडं टाकून झोपायला लागली. ज्यांनी मला नावं ठेवली त्यांच्यापैकी एकाच्याही आईला दाराला कडी लावून, श्वास रोखून बसावं लागलं नव्हतं. बरं, ते असो. मी चिडले की भरकटते.

तरीही ती नवी नोकरी डोळे मिटून घे, असं मी म्हणत नाही. तिथे पगार दुप्पट आणि साहेबाचा धाक तिप्पट असेल, तर तुझा सौदा फसला. तिथली माणसं का सोडून जातात ते आधी शोध. रोज जाण्यायेण्यात किती तास जातील ते बघ. लोक पगारवाढीपुढे हे हमखास विसरतात. मग एका कागदावर लिही : आज पगार बंद झाला तर किती महिने निघतील, आणि नवीन पगारात कर्ज केव्हा फिटेल. तो कागद घेऊन रविवारी ये. मैत्रिणीचा पगार त्यावर दिसला तर कागद फाडून टाकीन.

तुझी,
मावशी