नळीतून जेवण: अळणी, धारोष्ण दूध आणि तुमचे प्रश्न

प्रश्न: वडिलांना अन्ननलिकेचा कॅन्सर आहे, आता पाणीपण अडकतंय. डॉक्टर रेडिएशनच्या आधी नळी घाला म्हणतात, पण घरातले म्हणतात नळी म्हणजे शेवट. (कागल)

दादा, नळी घालून घ्या. वाट गाठीनं अडवलीय, पोट-आतडी काम करतायत, मग त्यांना उपाशी का ठेवायचं? वजन फार उतरलं की केमो-रेडिएशन झेपत नाही, मधेच थांबवायची वेळ येते, आणि हे मी इतक्यांदा बघितलंय की आता नळीला उशीर केलेला मला बघवत नाही. ट्रीटमेंटनंतर गिळता यायला लागलं की बऱ्याच जणांची नळी काढतात. फक्त आठ-दहा दिवस पोटात जवळजवळ काहीच गेलं नसेल तर पहिल्याच दिवशी भरपूर देऊ नका, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम एकदम घसरून हृदयावर ताण येतो, म्हणून रक्त तपासत हळूहळू वाढवायचं असतं.

प्रश्न: आईला एफजे ट्यूब (पोटावरून थेट लहान आतड्यात घातलेली नळी) आहे. सिरिंजनं 200 मिली दिलं की पोटात कळ, घाम, जुलाब. (इचलकरंजी)

ताई, बहुतेक वेगच नडतोय. जठर अन्न साठवतं आणि थोडं थोडं खाली सोडतं, तुमची नळी मात्र थेट लहान आतड्यात आहे, तिथं एवढं एकदम मावत नाही. बॅग टांगून थेंब थेंब सोडा, तासाला किती ते डाएटिशियनकडून लिहून घ्या. ही नळी बारीक असते, त्यामुळं घरच्या पातळ जेवणापेक्षा फीडची पावडर बरी, आणि जठरातलं ॲसिड जंतू मारायला मधे नाही म्हणून हात, भांडी, पाणी एकदम स्वच्छ पाहिजे.

प्रश्न: मामांना नाकातून नळी आहे, केमो चालू आहे. ताकद यावी म्हणून अळणी (मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी) आणि धारोष्ण दूध दिलं तर चालेल का? (कोल्हापूर)

आपल्याकडं माणूस आजारी पडला की आधी अळणीच आठवते, त्यामागची माया मला कळते. पण वाटीभर अळणी गार करून बघा, वर पांढरा थर थिजतो, तोच नळीत बसतो आणि प्रोटीन बहुतेक खाली मटणात राहतं. 50 किलोच्या पेशंटला दिवसाला साधारण 60 ते 75 ग्रॅम प्रोटीन आणि 1250 ते 1500 कॅलरी लागतात, नुसत्या पाण्यावर ते कसं भागणार? त्यापेक्षा घट्ट शिजवलेली मूगडाळ, दूध, उकडलेलं अंडं, चमचाभर तेल मिक्सरला अगदी बारीक करून दोनदा गाळा. देताना मामांना उशा लावून बसतं करा आणि नंतर तासभर आडवं करू नका, नाहीतर फीड उलटून छातीत जाऊ शकतं.

धारोष्ण मात्र अजिबात नको. दूधकट्ट्यावर डोळ्यांसमोर म्हैस पिळली तरी दूध कच्चंच, आणि केमोत पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना त्यातले जंतू महागात पडतात. उकळलेलंच द्या.

प्रश्न: नळी सारखी चोकअप होते, काय करावं? (गडहिंग्लज)

प्रत्येक फीडच्या आणि औषधाच्या आधी-नंतर साधारण 30 मिली पाणी ढकला. गोळ्या एकेक करून वेगळ्या कुटा, पण हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात, मेडिकलवाल्याला विचारूनच घ्या. अडकलीच तर मोठ्या सिरिंजनं कोमट पाणी हळू आत-बाहेर करा, तार घालू नका, कोल्ड्रिंक ओतू नका. आणि पोटातली नळी निसटून बाहेर आली तर उद्या जाऊ म्हणू नका, ते भोक काही तासांत आकसतं, आलेली नळी पिशवीत घालून लगेच हॉस्पिटल गाठा.