अल्काझार: किल्ला की राजवाडा?

स्पेनमधील सेगोव्हिया येथील अल्काझारला १८६२ साली लागलेल्या आगीविषयीच्या एका मजकुरात त्याच वास्तूला एकदा ‘किल्ला’ आणि एकदा ‘राजवाडा’ म्हटले आहे. यांतले बरोबर कोणते, अशी पृच्छा आहे.

‘अल्काझार’ हा अरबी ‘अल-कस्र’पासून आलेला शब्द असून त्यातले ‘अल’ हे अरबी उपपद स्पॅनिशने शब्दाचाच भाग मानून पचवून टाकले. ‘कस्र’ म्हणजे राजवाडा. मात्र हा अरबी शब्दच लष्करी तळ या अर्थाच्या लॅटिन ‘कास्त्रुम’वरून आल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते, म्हणजे प्रश्नातली संदिग्धता मुळातच आहे. आपला ‘किल्ला’ अरबी ‘कलआ’पासून आला आणि स्पेनमधील ‘अल्काला’ ही ग्रामनामेही त्याच शब्दाची, त्यामुळे ‘किल्ल्या’चे नाते अल्कालाशी आहे, अल्काझारशी नाही. (मराठीतली ‘कसर’ही इथे आणू नये; ती वेगळ्या अरबी शब्दाची.)

सेगोव्हियात एरेस्मा आणि क्लामोरेस या नद्यांच्या संगमावरच्या उंच खडकावर ही वास्तू उभी आहे. मध्ययुगात कास्तीलच्या राजांनी तटबंदीच्या आतच आपली दालने सजवली. गालेरा दालनाचे लाकडी छत तर उलट्या ठेवलेल्या जहाजाच्या तळासारखे होते आणि नावही त्यावरूनच पडले. १७६४ पासून तेथे तोफखान्याचे विद्यालय भरत असे. ६ मार्च १८६२ रोजी लागलेल्या आगीत छपरे आणि ही कोरीव छते जळाली, तर दगडी भिंती व बुरूज बहुतांशी उभे राहिले. तेव्हा ‘राजवाडा जळाला, किल्ला उरला’ असे कोणी लिहिले, तर ती विसंगती न मानता नेमके वर्णन मानावे. पुढे १८८२ पासून जीर्णोद्धार सुरू झाला, तेव्हा चित्रकार होसे मारिया आव्रियाल यांनी आगीपूर्वीच काढून ठेवलेली दालनांची रेखाटने कामी आली.

‘बालेकिल्ला’ मोहक वाटतो, पण तो मोठ्या किल्ल्याच्या आतला सर्वांत सुरक्षित भाग, म्हणून मी टाळेन. पहिल्या उल्लेखात ‘सेगोव्हियाचा अल्काझार, म्हणजे तटबंदीचा राजवाडा’ असे लिहून पुढे नुसते ‘अल्काझार’ वापरावे. कास्तीलमधला उच्चार ‘अल्काथार’च्या जवळ जातो, तरी मराठीत ‘झ’ ठेवण्यास माझी हरकत नाही.